संगणकांची उत्तरपूजा

“...पण आक्का, पूजा केलेली वस्तू भंगारात घालायची तरी कशी?”

विचारत होता सुधाकर घोलप. तालुक्याच्या गावी त्याची रक्ततपासणीची लॅब. मठाच्या अंगणात त्याने टेम्पो आणून उभा केला होता, आणि टेम्पोत लॅबमधले जुने संगणक खचाखच भरले होते. दर दसऱ्याला त्यांना झेंडूची माळ, हळदकुंकू. काहींवर कुंकू अजून दिसत होतं.

नदीकाठच्या त्या लहानशा मठात आक्का एकट्याच राहत. बोलणं मोजकं. लोक एक शंका घेऊन यायचे आणि बहुतेक वेळा दुसरीच घेऊन घरी जायचे. सुधाकरला नेमकी त्याचीच गंमत वाटायची. आज आक्का काय म्हणतात, हे ऐकायला तो अगदी उतावीळ झाला होता.

“भंगारवाला काय करतो रे यांचं?”

“वायरी जाळतो, तांब्यासाठी. काळाकुट्ट धूर! पार शाळेपर्यंत जातो. उरलेलं ओढ्यात. छे, मला नाही पटत ते. म्हणून तर तुमच्याकडे आणले. मठाच्या कोठीत ठेवू एका बाजूला. पवित्र जागा आहे.”

“म्हणजे देवाच्या गळ्यात मारतोस.”

सुधाकर ओशाळला. टेम्पोवाला हणमंता मात्र तोंड फिरवून हसला.

आक्का उठल्या. आतून ताटलीत अक्षता घेऊन आल्या. संगणकांवर टाकल्या, काहीतरी पुटपुटल्या, आणि पुढचा एक संगणक हाताने थोडासा सरकवला. विसर्जनाआधी गणपतीची मूर्ती जागची हलवतात, तसा.

“झाली उत्तरपूजा. देव गेला.”

“एवढंच?”

“एवढंच.”

सुधाकरचा जीव भांड्यात पडला. उद्या नव्या लॅबचं उद्घाटन होतं, आमदार यायचे होते, आणि हे लचांड आजच्या आज नजरेआड व्हायला हवं होतं.

“मग आता मी मोकळा?”

“देव तर गेला, बाबा... आत आणखी कोण आहे?”

हे काय आता नवीन? सुधाकर टेम्पोकडे बघतच राहिला.

“आत कोण असणार? रिपोर्ट होते लोकांचे. पुसलेत मी सगळे.”

“गेले?”

“गेले म्हणजे... दिसत नाहीत. आत डिस्कवर असतात ते तसेच. एखादा जाणकार बसला, तर काढेल वर.”

बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला.

“मागल्या साली माझंही रक्त नेलं होतंस,” आक्का म्हणाल्या. “काय निघालं होतं रे? विसरले मी.”

सुधाकरने हणमंताकडे पाहिलं. “नंतर सांगतो, आक्का.”

“आत्ता सांग की.”

“नाही सांगणार!” तो एकदम ताठ झाला. “इतकी वर्षं लॅब चालवतोय. कुणाचा आजार माझ्या तोंडून बाहेर पडलेला नाही. माझ्यामुळे कुणाची सोयरीक मोडली नाही, की कुणाची नोकरी गेली नाही. तुम्ही विचारलंत तरी चारचौघांत नाही सांगणार.”

“शाब्बास!” आक्का मनापासून खूश झाल्या.



सुधाकरची नजर पुन्हा टेम्पोकडे गेली. परवाच लग्न ठरलेली सुतारांची पोर त्यात होती. हेडमास्तर होते. तोंड लपवून मागच्या दाराने आलेली किती तरी माणसं होती. आणि हे सगळे तो मठाच्या कोठीत टाकून निघाला होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

“उपाय आहे एक,” तो चाचरत म्हणाला. “जिल्ह्याला सरकारमान्य केंद्र आहे. असली यंत्रं घेतात तिथे. तांबं, काच, शिसं वेगळं काढतात, जाळत-बिळत नाहीत. आणि डिस्कचा चुरा करतात. आपल्या डोळ्यांदेखत.”

“मग घोडं अडलं कुठे?”

“नंबर लावून थांबावं लागतं, आक्का. आख्खा दिवस मोडतो. इथे उद्याचा मांडव, जेवणं, आमदारांची बडदास्त... मी म्हणतो, हणमंताबरोबर पाठवून देतो. देईल तो टाकून. मी समोर नसलो म्हणून काय बिघडतं?”

आक्कांनी ताटली खाली ठेवली.

“वडील गेले तुझे, तेव्हा स्मशानात होतास ना?”

“होतो की. अग्नी मीच दिला.”

“अग्नी दिलास आणि लगेच निघालास?”

“...नाही.”

“का?”

सुधाकर टेम्पोकडे वळला.

“कवटी फुटल्याचा आवाज कानांनी ऐकल्याशिवाय कुणी घरी जातं का रे?”