राखलेली सफरचंदं

“आणि चांगलं फळ कधी खायचं?” देवकू माईने विचारलं.

त्र्यंबक सफरचंदाची तपकिरी पडलेली बाजू सुरीने कापत होता. “त्याची पाळी आली की.”

“पाळी कधी येते?”

“डाग पडला की.”

माई हसली. “म्हणजे चांगलं आहे तोवर त्याची पाळी नाहीच.”

“राखणं म्हणजे हेच, माई.”

भैरवगिरी बाबा शेगडीजवळ बसून आपली फोड चघळत होते. ते काही बोलले नाहीत.

कुलूच्या वरच्या अंगाला, देवदारांच्या दाटीत बाबांचा आश्रम होता. आश्रम कसला, तीन खोल्या आणि तीन माणसं. माई खालच्या गावची. नवरा गेल्यावर स्वयंपाकाला म्हणून आली ती तिथलीच होऊन गेली. उतारावरची सफरचंदाची झाडं तिनेच लावलेली, ओढ्याचं पाणी डोक्यावरून आणून तिनेच जगवलेली.

त्र्यंबक वऱ्हाडातला. पूर्वी एका मोठ्या देवस्थानाची कोठी सांभाळायचा. त्याच्या हाताखाली दाणा नासत नाही, अशी त्याची ख्याती. घरदार सोडून बाबांकडे आला, पण ही ख्याती काही मागे ठेवून आला नाही.

म्हणूनच कार्तिकात बाबांनी फळं त्याच्या हवाली केली होती. एकदा बर्फ पडलं की चैत्रापर्यंत वाट बंद.

त्र्यंबकने लाकडी जमिनीखालचं तळघर झाडून घेतलं. मार लागलेली फळं वेगळी काढली. बाकीची एकेक करून कागदात गुंडाळली आणि सुक्या गवतावर अशी मांडली, की एकाला दुसरं शिवू नये. बटाट्याची पोती तिथून हलवली. गारवा राहावा, पण फळ गोठू नये, म्हणून झरोक्यावर घोंगडी टांगली.

रोज दुपारी तो खाली उतरायचा. ज्याला डाग दिसेल ते फळ वर आणायचा आणि कापून उरलेल्याच्या तीन फोडी करायचा.

चैत्रात मोठे महंत यायचे होते. त्यांच्यापुढे टोपलीभर निष्कलंक सफरचंदं ठेवावीत आणि त्यांनी विचारावं, ‘एवढ्या हिवाळ्यातून ही राखली कोणी?’... हे त्र्यंबकने कोणालाच सांगितलं नव्हतं. जपाला बसलं की मात्र तेच डोळ्यांपुढे यायचं.

माघात माईला ताप भरला.

पहिले दोन दिवस तिने अंगावर काढले. तिसऱ्या दिवशी उठवेना. बाबा उशाशी बसून राहिले. बाहेर कमरेइतकं बर्फ. वैद्याला आणायचं म्हटलं तरी वाट नव्हती.

“बेटा,” माईने त्र्यंबकला हाक मारली. “एक चांगलं आण ना. सालीला सुरकुती नसलेलं.”

“तुला चावायचं नाही, माई.”

“चावायला नको. हातात धरीन... वास घेईन.”

त्र्यंबक तळघरात उतरला. एक फळ उचलून त्याने कागद सोडला. लालभडक, टणक, देठाशी पिवळी झाक. तळघरभर वास सुटला. ते हातात घेऊन तो जिन्यापर्यंत आलासुद्धा.

तेवढ्यात पायरीजवळच्या रांगेतलं एक फळ त्याला दिसलं. बोटाच्या पेराएवढा डाग. आज नाही खाल्लं तर उद्या शेजारच्यालाही लागेल.

तो थांबला... माई काय, उद्या-परवा बरी होईल. चांगलं कुठे पळून जातंय?

त्याने चांगलं फळ पुन्हा गुंडाळून जागेवर ठेवलं. डागी वर आणलं, नीट साफ केलं, पातळ फोडी केल्या.

माईने एक फोड तोंडात धरली. बराच वेळ ती तशीच ठेवली.

“गोड आहे,” ती म्हणाली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी माई गेली.

दोघांनी अंगणातलं बर्फ उपसून जागा केली. लाकडं ओली होती. चिता पेटायला फार वेळ लागला. त्र्यंबक फुंकर घालत राहिला. धुराने डोळे वाहत होते, आणि ते धुरानेच वाहताहेत असं तो स्वतःला सांगत होता.

दहाव्या दिवशी तो तळघरात उतरला. दिसेल ते फळ टोपलीत भरलं आणि टोपली बाबांपुढे आणून ठेवली.

“वाट उघडली की हे सगळं गावात वाटून टाका, बाबा. मला नको.”

बाबांनी एक सफरचंद उचललं. कफनीला पुसून त्याच्यापुढे धरलं.

“खा.”

“हे माईचं होतं.”

“खा.”

त्र्यंबकने चावा घेतला. फळ जसंच्या तसं होतं. कुरकुरीत, रसाळ, गोडीला किंचित आंबटपणा. इतकं चांगलं फळ त्याने साऱ्या हिवाळ्यात चाखलं नव्हतं.

घास त्याला गिळवेना. तो तसाच हुंदके देऊ लागला.

छपरावरून बर्फाचा एक थर घसरून खाली पडला.

बऱ्याच वेळाने त्र्यंबकने डोळे पुसले. मग एकदम त्याचा आवाज चढला. गुरूपुढे तो कधी असा बोलला नव्हता.

“तुम्ही सगळं पाहत होता! रोज माझ्या हातची नासकी फोड खात होता. ती मागत होती तेव्हा उशाशी बसला होता. मी चुकत होतो, तर मला बोलला का नाहीत?”

बाबांनी मान खाली घातली. टोपलीतलं दुसरं सफरचंद घेतलं, ते दोन्ही तळहातांत धरलं.

“बोलायचं मीही राखून ठेवलं होतं, त्र्यंबक.”