गोजराबाईचं घंगाळ

बसा मंडळी, ऐका. मागच्यांनी जरा पुढे सरका, म्हणजे मला घसा फोडावा लागणार नाही.

फार वर्षांपूर्वी आपल्या कुरणवाडीत गोजराबाई नावाची एक परटीण राहत होती. तिच्याकडे तांब्याचं एक घंगाळ होतं. ते एवढं मोठं होतं, की ती लग्न होऊन आली तेव्हा घंगाळ आत न्यायला दाराची चौकट काढावी लागली, असं म्हणतात.

घंगाळ तिचं, पण वापर सगळ्या गावाचा. त्यात रिठ्याच्या पाण्यात ती गावाचे कपडे भिजवायची आणि त्याबदल्यात घराघरातून धान्य मिळवायची. त्याच घंगाळात बाळांची पहिली अंघोळ व्हायची. लग्न निघालं की त्यात लाडवांची बुंदी पडायची, छप्पर गळलं की ते धारेखाली जायचं, आणि पालथं घातलं की त्यावर गिऱ्हाईक बसवून न्हावी डोकी करायचा. गोजराबाईचा नियम एकच. "न्हेताना इचारू नका, पर परत आणताना रिकामं आणू नका." मग कुणी त्यात मूठभर ज्वारी टाकून आणायचं, कुणी दोन कांदे.

एका चैत्रात सरदाराची लढाई सुरू झाली. तोफा ओतायला तांबं-पितळ हवं होतं, म्हणून हैबतराव नावाचा हवालदार दोन शिपाई आणि एक गाडी घेऊन गावात आला. हुकूम असा होता, की घरोघरची भांडी उचलावीत, मात्र वापरातल्या भांड्याला हात लावू नये. आता आपल्या गावच्या बायकांचं काय सांगू! भांडं रिकामं झालं रे झालं, की चिंचेने घासून, लखलखीत करून फळीवर पालथं. त्यामुळे झाडून सगळी भांडी रिकामीच सापडली आणि दुपारच्या आत गाडीत गेली. हंडे, कळशा, तांबे, काही म्हणता काही उरलं नाही.

उरलं ते गोजराबाईचं घंगाळ. त्यात कपडे भिजत होते.

"बाई, रिकामं कर," हवालदार म्हणाला.

"वापरात हाय की, हवालदार."

"मग थांबतो. कधीतरी रिकामं होईलच."

आणि सरदाराला तसा निरोप धाडून तो घंगाळासमोर उन्हात ठाण मांडून बसला. लिंबाची सावली दहा पावलांवर होती, पण तिथून घंगाळाच्या आतलं दिसत नव्हतं.

गोजराबाईने मनात हिशोब केला. घंगाळ गेलं तर काम जाणार, काम गेलं तर धान्य जाणार, आणि तिच्यामागे कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. पण तिने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. कपडे निघाले तशी पाटलीणबाई कुरडयांचे गहू घेऊन आली. ते तीन दिवस भिजले. गहू निघाले तशी शेजारणीने आपली खुडूक कोंबडी अंड्यांसकट आत बसवली.

"हा काय वापर झाला?" हवालदार ओरडला.

"तिलाच इचारा. ती बसलीया," गोजराबाई म्हणाली.

कोंबडी दोन दिवस बसली. पण अंडी नासकी निघाली आणि ती उठून गेली. सातव्या दिवशी घंगाळात नुसती घाण उरली होती. गोजराबाईला ती बघवेना. हात शिवशिवले, राख घेतली आणि तिने घंगाळ घासून आरशासारखं केलं. मग तिच्या ध्यानात आलं, की आपण काय करून बसलो.

हवालदार हसत उठला. त्याने घंगाळाच्या काठाला हात लावला आणि तिथेच धाडकन कोसळला. सात दिवसांचं ऊन डोक्यात गेलं होतं. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे पांढरे.

गोजराबाईने क्षणभर घंगाळाकडे पाहिलं, क्षणभर त्या माणसाकडे. मग तिने पदर खोचला.

"बघताय काय? उचला याला, घंगाळात ठेवा! पाणी आणा गं!"

पाणी आणायचं कशात? बायका गाडीवर तुटून पडल्या. जिने तिने आपला हंडा ओढून काढला. शिपाई बघतच राहिले. आडाचं पाणी तर महिनाभर तळाला गेलं होतं, पण त्या दिवशी ते काठापर्यंत वर आलं, असं म्हणतात. हंड्यावर हंडा ओतला, तेव्हा कुठे हैबतरावाने डोळे उघडले.

तेवढ्यात सरदाराचा स्वार दौडत आला. "हवालदार! घंगाळ रिकामं झालं का?"

मिशांपर्यंत पाण्यात बसलेला हैबतराव म्हणाला, "नाही. वापरात आहे."

"आणि बाकीची भांडी?"

हैबतरावाने पाहिलं. आडापासून घंगाळापर्यंत बायकांची रांग होती आणि प्रत्येकीच्या कमरेवर भरलेलं भांडं होतं.

"तीही वापरात आहेत. हुकूम म्हणजे हुकूम."

स्वार आला तसा परत गेला. मागोमाग रिकामी गाडी गेली. गावाने अशी आरोळी ठोकली, की पलीकडच्या डोंगरावरची गुरं उधळली, असं म्हणतात. जाताना हैबतरावाने हातातलं चांदीचं कडं काढून घंगाळात टाकलं. "नियम ऐकलाय मी, आई," तो म्हणाला.

ते घंगाळ आज आपल्या देवळापुढे आहे. आजही गावातल्या प्रत्येक बाळाची पहिली अंघोळ त्यातच होते, आणि चैत्रात बायका हंडे भरून रस्त्यावर उभ्या राहतात. उन्हातून आलेला माणूस कुणाचाही असो, कशासाठीही आलेला असो, आधी त्याच्या डोक्यावर पाणी ओततात. घंगाळ तर कधीच रिकामं ठेवत नाहीत. कुणी कितीही दरडावून विचारलं, तरी अख्खा गाव एका आवाजात सांगतो,

"वापरात हाय!"