टोपलीतला पुरावा

परसात साप चावलेल्या भागीरथीबाईंना देवरूखच्या डॉ. मृदुला खानविलकरांनी दवाखान्यात ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी साप बिनविषारी असल्याची खात्री पटली, आणि तेवढ्यावरून विमा कंपनीने भरपाई नाकारली. बाईंनी विमा लोकपालांकडे दाद मागितली. सुनावणीला मृदुलाताईही गेल्या.

कंपनीचे डॉक्टर ऐटीत म्हणाले, "साधा साप होता. दाखल करायची गरजच नव्हती."

मृदुलाताईंनी झाकलेली टोपली पुढे सरकवली. "बाईंच्याच परसातून आणलीय. घाला हात."

डॉक्टर खुर्चीसकट मागे सरले. "आत काय आहे ते आधी कळू दे."

"मलाही तेवढंच कळायला हवं होतं. म्हणून तर बाईंना ठेवून घेतलं."

लोकपालांनी हसू दाबत भरपाईचा आदेश दिला.

निघताना मृदुलाताईंनी झाकण काढलं. आत कोकमाचे लालबुंद रातांबे होते.

"घ्या डॉक्टर, बिनविषारी आहेत."