पांढराईची डाळ

दोष बहिर्जी पाटलाचा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण निंबसरला आलेल्या पाहुण्याला इथले म्हातारे आधी पांढराई देवीची कृपा ऐकवतात आणि मग पाण्याचा तांब्या पुढे करतात. तो तांब्या आतून पांढरा पडलेला असतो. नळाच्या तोंडावर दगडासारखा थर. साबण लावला की फेसाऐवजी नासक्या दुधासारख्या कण्या, आणि धुतलेले केस काथ्यासारखे. नगरपालिकेची टाकी पांढराईच्या टेकडीवर आहे, टाकीत पाणी चढतं ते टेकडीच्या चुनखडीतल्या विहिरीतून, आणि ती विहीर बहिर्जीनं खणवली.

असे सांगतात की त्याआधी सगळं निंबसर खालच्या आळीतल्या आडाचं पाणी प्यायचं. जरासं मातकट दिसायचं, पण डाळ त्यात बघता बघता विरघळायची. बहिर्जीच्या घरात सगळं होतं, नातू नव्हता. तो पांढराईला नवस बोलला: सुनेची कूस उजव, तुझ्या पायाशी विहीर खणतो, आणि गाव पुन्हा दुसऱ्या पाण्याला तोंड लावणार नाही. नातू याच्या घरात, पाणी सगळ्या गावाचं. गावाला विचारलं का? कशाला विचारेल!

नातू झाला. टेकडी फोडली. पांढऱ्या दगडातून पाणी उसळलं ते इतकं नितळ, की तळातले खडे मोजावेत. सगळं गाव पालथं पडून पाया पडलं. बहिर्जीनं पंगत ठरवली: दुपारी देवीच्या पाण्यात शिजलेली तुरीची डाळ खायची, संध्याकाळी आड बुजवायचा.

त्याची सून राही पहाटेपासून चुलीपुढे होती. लाकडं संपत आली, डाळ दाण्याला दाणा तशीच. शेवटी तिनं शेजारच्या चुलीवर मूठभर डाळ आडाच्या पाण्यात टाकली. ती शिजून गरगट झाली. दोन वाट्या घेऊन ती सासऱ्यापुढे उभी राहिली.

"मामंजी, ही आडाची, ही देवीची. जाळ सारखाच होता."

"देवीची परीक्षा घेतेस?"

"डाळीची घेतेय. विहीर राहू द्या, पूजा करा तिची. आड तेवढा बुजवू नका."

"नवस मी बोललोय."

"आणि प्यायचं आम्ही!"

बहिर्जीनं आडाच्या डाळीची वाटी अंगणात उपडी केली.

पंगत बसली. पहिला घास त्याचा. दाढेखाली कर्रकन वाजलं आणि त्याच क्षणी त्याला कळून चुकलं, म्हणे. घास गालात धरून तो ओळीनं एकेका म्हाताऱ्याकडे बघत राहिला. कुणीतरी बोलावं, मग आपल्याला थांबता येईल, असं त्याच्या मनात होतं. म्हणून तर त्यानं विचारलं, "कशी झालीय?"

"लोणी, पाटील! नुसतं लोणी," देवीचा गुरव म्हणाला.

"मला दात नाहीत, तरी गिळली बघा," म्हातारा कारभारी म्हणाला. खरंच होतं. अख्खी गिळली होती त्यानं.

राही पळी घेऊन उभी होती. "कारभारीआबा, जरा थुंकून दाखवा ना. लोणी कसं असतं ते बघू द्या सगळ्यांना."

कुणी हसलं नाही. बहिर्जीच्या तोंडात घास अजून तसाच होता. तो त्यानं गिळला आणि म्हणाला, "बायकांनी पंगतीत बोलू नये."

संध्याकाळी आडात मातीच्या पहिल्या पाट्या याच म्हाताऱ्यांनी ओतल्या. आधी पाण्यात माती पडल्याचा आवाज येत होता, मग मातीवर माती पडल्याचा. तेव्हा कडेवर पोर घेतलेली राही म्हणाली, "मामंजी, ज्याच्यासाठी नवस केलात, तो हे पाणी पिणार नाही." आणि तिनं माहेरची वाट धरली. सणाला येईल परत, असं बहिर्जी धरून चालला. मुलगा तिला आणायला गेला, तो तिकडेच राहिला.

पुढं बहिर्जीला मुतखडा झाला. जमिनीवर गडबडा लोळायचा. वैद्यानं सांगितलं, भरपूर पाणी प्या. तो तेच पाणी प्यायचा. आड उकरायला त्याचा एक शब्द पुरला असता. पण त्यासाठी डाळ कच्ची होती असं म्हणावं लागलं असतं, आणि ते ना त्यानं म्हटलं, ना त्या पंगतीतल्या कुणी.

आजही पांढराईच्या जत्रेत कच्च्या डाळीचा नैवेद्य होतो. सगळ्यात थोरला माणूस पहिला घास घेतो, कशी झालीय म्हणून विचारतो, आणि सगळी पंगत म्हणते, लोणी. पंगतीत बसलेल्या पोटदुखीच्या पेशंटसकट म्हणते. आड कुठं होता हे विचारलं तर म्हातारे टेकडीकडे बघून हात जोडतात. याला ते परंपरा म्हणतात.

बहिर्जी पाटलाला त्याचा नातू पुन्हा दिसला नाही.