भिंतीतले बारा स्फटिक

“पण मग भाजलं कोणी कोणाला?” बोरवणकर सरांनी विचारलं.

असा प्रश्न येईल असं शार्दूलला वाटलंच नव्हतं. तो आला होता शाबासकी घ्यायला.

साक्रीच्या बाजूला माळावर एक काळी भिंत मैलभर पसरली आहे. माणसाने बांधलेली नव्हे. जुन्या खडकाला चीर पडली, खालून वितळलेला रस त्या चिरेत चढला नि तिथेच थिजला, त्याची ती भिंत. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर सर तिच्या पायथ्याशी दोन खोल्या बांधून राहिले होते. पुण्याचे संशोधक ‘म्हातारा आता सटकलाय’ म्हणत, आणि अडलं की त्याच म्हाताऱ्याकडे येत.

शार्दूल कानविंदे हा त्यांचा जुना विद्यार्थी. आपण अडलो म्हणून आलेलो नाही, असं निदान त्याचं म्हणणं होतं. त्याने या भिंतीच्या दगडातून झिरकॉनचे स्फटिक वेगळे काढले होते, मिठाच्या कणाहून बारीक. त्यांच्यात युरेनियम असतं, ठरल्या गतीने त्याचं शिसं होत जातं. किती झालं ते मोजायचं, की वय निघतं. त्याने मोजलं. अडीचशे कोटी वर्षं!

आणि भोवतालचा बेसाल्ट, म्हणजे तो जुना खडक, साडेसहा कोटी वर्षांचा.

म्हणजे ज्या खडकाच्या चिरेत ही भिंत चढली, त्याच्या आजोबाच्या बारशाला ती जेवून आलेली. परिषदेत हे सांगून शार्दूलने टाळ्या घेतल्या होत्या. सोमवारी निबंध छापायला जायचा होता. मागे घ्यावा तर दोन वर्षं पाण्यात, आणि न घ्यावा तर… इथेच घोडं पेंड खात होतं.

“हात लाव,” सर म्हणाले.

भिंत आणि बेसाल्ट जिथे भिडतात, तिथे शार्दूलने तळवा ठेवला. बेसाल्टची कड विटेसारखी लाल झालेली होती.

“बेसाल्ट भाजलाय,” तो हळूच म्हणाला.

“कोणी भाजला?”

“भिंतीने.”

“मग आधी इथे कोण होतं?”

“बेसाल्ट… पण सर, यंत्र चुकलेलं नाही! मी तीनदा मोजलंय.”

“यंत्राला कोण नावं ठेवतंय?”

“मग माझा हात खोटा?”

“हात कशाला खोटा असेल, बाबा!”

शार्दूलच्या डोक्याचा पार भुगा झाला. दोन्ही खरं कसं असेल? त्याने भिंतीकडे पाहिलं, बेसाल्टकडे पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं. खरं सांगायचं तर त्याला सरांचा राग आला होता, आणि रागापेक्षाही भीती जास्त वाटत होती.

“स्फटिक सापडले किती?”

“चाळीस.”

“मोजलेस किती?”

“बारा. नितळ होते, पैलूदार. बाकीचे सगळे गढूळ, तडकलेले. तडकलेल्यातून शिसं निसटतं, ते घेऊ नयेत… तुम्हीच शिकवलंय, सर.”

“शिकवलंय खरं.”

सर हसले नाहीत. फडकं सोडून त्यांनी बाजरीची अर्धी भाकरी आणि ठेचा त्याच्यापुढे सरकवला. ऊन डोक्यावर आलं होतं. वाद घालायला शार्दूलच्या अंगात त्राण नव्हतं, म्हणून तो खाऊ लागला.

दुसऱ्याच घासाला दाताखाली कचकन खडा आला. तो थुंकायला वळला.

“थांब. हातावर घे.”

शार्दूलने घेतला. एवढासा काळा कण.

“आमच्या स्वयंपाकाच्या रेवाबाईंनी जात्याला नवी टाकी लावून घेतली, छिन्नीने खाचा पाडून,” सर म्हणाले. “टाकी लावली की पहिलं पीठ टाकून द्यायचं असतं. जीव झाला नसेल त्यांचा… भाकरी कधीची आहे?”

“आज सकाळची.”

“आणि हा?”

“हा पण सकाळचाच…” बोलता बोलता शार्दूल अडखळला. “जातं कुठल्या दगडाचं आहे?”

“याच माळाच्या.”

“मग हा साडेसहा कोटींचा…”

त्याने तळहातावरचा कण बोटाने उलटवला.

“रस वर येताना खालच्या जुनाट खडकाला घासत आला असेल,” तो अखेर म्हणाला. “तिथले स्फटिक खरवडून आणले त्याने. ते वितळले नाहीत, तसेच राहिले. आणि मी चाळिसातून नेमके तेच…”

“देखणे होते,” सर म्हणाले.

शार्दूलचा चेहरा पडला. अडीचशे कोटींचा आकडा ऐकून पहिल्या रांगेतले लोक कसे सावरून बसले होते, ते त्याला आठवलं आणि लाज वाटली.

“म्हणजे ते बारा खोटे. टाकून देतो.”

“खोटे असते तर दात दुखला नसता.”

“मग… गढूळ मोजतो. ते भिंतीचे स्वतःचे असतील.”

“असतील?”

“असणारच, सर!”

“बारांबद्दलही तू हेच म्हणाला होतास. टाळ्यासुद्धा पडल्या.”

येताना शार्दूलजवळ निदान एक आकडा होता. आता आकडाही होता, यंत्रही होतं, करपलेली कडही होती, आणि काय कळलं म्हणून कोणी विचारलं असतं तर त्याला एक धड वाक्य सांगता आलं नसतं.

“सर, निबंध सोमवारी जायचाय,” तो काकुळतीला येऊन म्हणाला. “नाव छापून आलंय अंकाच्या यादीत. काहीतरी लिहावं लागेल ना? काय लिहू?”

सरांनी फडकं झटकलं. त्याची घडी घातली…

“लिही, ‘बारा पाहुण्यांची वयं कळली. घरधन्याला विचारायचं राहून गेलं.’”