आठळ्या आणि दुधाच्या पिशव्या

एका गावात द्वारकाकाकू राहत. घरात पिशवीचं दूध यायचं आणि पिशवी कापायची काकूंची रीत ठरलेली: कोपऱ्याला एवढीशी चीर, तुकडा सुटता कामा नये. मग ती तीन पाण्यांनी धुवायची, ओट्यामागच्या फरशीवर चिकटवून वाळवायची आणि घडी करून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायची. "उपयोगी पडेल कधीतरी," त्या म्हणत. अकरा वर्षं झाली, ते 'कधीतरी' काही उजाडलं नव्हतं.

त्या वर्षीच्या वादळात वाडीतला जुना फणस उन्मळून पडला. नवी नवरी होऊन आल्या तेव्हा काकूंच्या हातावर पहिला गोड घास त्याच्याच गऱ्याचा पडला होता. शेजारच्या सुमित्राने त्याच्या शेवटच्या फणसांच्या आठळ्या सुपात गोळा केल्या आणि ती काकूंकडे आली.

"काकू, पिशव्या द्या हो. प्रत्येक घराला एक रोप करते. बाकीचे सगळे फाडून फेकतात, आणि जमिनीत लावलं की कोंबड्या उकरतात."

काकूंनी ट्रंक उघडली. त्या स्वच्छ घड्या पाहून त्यांचा जीव खालीवर झाला. एवढ्या निगुतीने राखलेल्या पिशव्या, आणि त्यांत माती भरायची?

"उद्या बघते हं," त्या म्हणाल्या.

उद्याचा परवा झाला. सुमित्रा तीनदा येऊन गेली. पुढच्या खेपेला आली ती रिकामं सूप घेऊन.

"राहू द्या, काकू. वाळून खडखडल्या सगळ्या. आठळी थांबत नाही."

ती रागावली नव्हती, म्हणूनच काकूंना ते फार लागलं. घरात ट्रंकभर पिशव्या, आणि वाडीचा फणस आपल्यापायी गेला! त्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात त्यांना आठवलं. पावसाळ्यात भाजीला होतील म्हणून त्यांनी त्याच फणसाच्या थोड्या आठळ्या माती लावून मडक्यात ठेवल्या होत्या. झाकण काढलं तर पाच आठळ्यांना कोंब फुटलेले.

काकूंनी ट्रंक ओढत अंगणात आणली. दाभणाने पिशव्यांच्या बुडाला भोकं पाडली आणि कुंपणावरून हाक दिली.

"सुमित्रा, पाच जगल्यात गं! माती घेऊन ये. आणि ही ट्रंक आता तुझ्याकडेच ठेव. माझा काही भरवसा नाही."

तात्पर्य: वस्तू जपावी ती वेळेला हातासरशी देता यावी म्हणून; नुसतीच राखली तर तो घडी घातलेला कचराच.