लाल गाडीचं प्रेशर

टेंबघाटाच्या पायथ्याला आडोली नावाचं गाव होतं, आणि त्या गावात हरिबा नावाचा एक भोळा मेकॅनिक होता. मेकॅनिक असं तो स्वतः सांगायचा. भोळा असं सगळं गाव सांगायचं.

हरिबा बेचाळीस वर्षांचा. मिशी भारदस्त, कपड्यांवर ग्रीस, खिशात दहा-अकराचा पाना. अकरा वर्षं तो दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात होता आणि अकरा वर्षं त्याला एकच हौस होती. गॅरेजच्या पाटीवर वरच्या ओळीत 'दस्तगीर' आणि खाली 'मोटर वर्क्स' लिहिलेलं होतं. 'दस्तगीर'च्या पुढं हातभर जागा रिकामी होती. तिथं आपलं नाव यावं, एवढंच त्याला हवं होतं. बिचारा रोज सकाळी ती रिकामी जागा फडक्यानं पुसून ठेवायचा.

सांगितलेलं काम तो सांगितल्यासारखंच करायचा. गोम सगळी तिथंच होती.

गावातल्या शाळेत गणित शिकवणाऱ्या कालिंदीबाई घोरपडे यांनी भंगारातून एक लाल गाडी उचलली होती. दोन वर्षं खपून ती त्यांनी मिस्त्रींकडून शर्यतीसाठी नव्यानं बांधून घेतली. मोठं इंजिन, नवा पंप, नवी टाकी. रविवारी टेंबघाट चढायची शर्यत होती. गुरुवारी गाडी पहिल्यांदा बाहेर काढली. सपाटीवर ती झकास पळाली. चढ लागला तशी दोनदा खोकली आणि बंद पडली.

"पेट्रोलचं प्रेशर पडतंय," मिस्त्री म्हणाले. "चढावर इंजिनाला पेट्रोल पुरंना झालंय. हरिबा, नीट ऐक. ही गाडी रविवारी घाटमाथ्याला पोचली, तर पाटीवर तुझं नाव. दस्तगीर आणि हरिबा. पण मी सांगंन तेवढंच करायचं."

"तेवढंच करतो," हरिबा म्हणाला.

मिस्त्रींनी प्रेशर मोजायचं घड्याळ पाइपला जोडलं आणि चालवणाऱ्याला दिसावं म्हणून चिकटपट्टीनं पुढच्या काचेवर बसवलं. "गाडी चढावर घाल. काटा किती खाली येतो ते बघ. काट्यावरनं नजर हलवायची न्हाई. डोस्क्यात ठेव."

"ठेवलं."

हरिबानं गाडी चढावर घातली. नजर काट्यावर. रस्ता डावीकडं वळला, हरिबा वळला नाही. गाडी सरळ बापू चौगुल्यांच्या कडब्याच्या गंजीत शिरली. मिस्त्री धावत आले तेव्हा कडब्यातून आवाज आला, "मिस्त्री, नजर न्हाई हलवली!"

"अरे शहाण्या, गाडीत बसलं की समोर बघायचं असतं! डोस्क्यात ठेव."

"ठेवलं."

मग स्वतः बाई चालवायला बसल्या आणि काटा बघायला हरिबा शेजारी बसला. पुन्हा चढ, पुन्हा खोकला, पुन्हा गाडी बंद. मिस्त्रींनी विचारलं, "काटा कितीवर आला?"

"काटा न्हाई बघितला. समोर बघत हुतो."

"मग काय दिसलं?"

"दोन सायकली. एक म्हैस. म्हैस आपल्याकडंच बघत हुती."

"मग काटा बघत न्हाई हे तिथंच का न्हाई सांगितलंस? दोनदा खेप करायला लागती! जे दिसंल ते तिथल्या तिथं वरडून सांगायचं. डोस्क्यात ठेव."

"ठेवलं."

तिसऱ्या खेपेला मिस्त्री स्वतःच बसले. सपाटीवर काटा तीनवर होता. चढावर दोन, दीड, एक, आणि गाडी गप्प. फिल्टर तुंबला असेल, म्हणून मिस्त्री गाडीखाली झोपले आणि हरिबाला म्हणाले, "फिल्टरचा पाइप सोड." हरिबानं सोडला. पाइपात दाबून बसलेलं पेट्रोल फर्रकन उडालं आणि मिस्त्रींच्या मिशीपासून पायतणापर्यंत सगळं भिजवून गेलं.

मिस्त्री दोन दिवस विडी पेटवायला भीत होते, ते ह्यामुळं.

"काहीही उघडायच्या आधी," ते दातओठ खात म्हणाले, "काहीही म्हणजे काहीही, त्यातलं प्रेशर काढायचं. आधी प्रेशर काढायचं, मग उघडायचं!"

"डोस्क्यात ठेवलं," हरिबा आपणहून म्हणाला.

मिस्त्री अंघोळीला गेले. तेवढ्यात पोस्टमन सायकल घेऊन आला. चेनकव्हरमध्ये खडा अडकला होता. "जरा उघडून दे," तो म्हणाला. हरिबानं आधी सायकलच्या दोन्ही चाकांतली हवा सोडली, मग चेनकव्हर उघडलं, खडा काढला, परत लावलं. काम बिनतक्रार झालं. पोस्टमन काय बोलला ते इथं सांगण्यासारखं नाही. मिस्त्री अंघोळ करून आले तेव्हा तो सायकल हातात धरून चालत निघाला होता. आज हा चालत कसा, एवढंच मिस्त्रींच्या मनात आलं. त्यांनी पुढं विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

फिल्टर तर स्वच्छ निघाला. शुक्रवारी मिस्त्रींनी स्वतः टाकी उतरवली, आत हात घातला आणि एक भलंमोठं फडकं ओढून काढलं. पिवळं, निळ्या काठाचं. पाटी पुसायचंच.

"हे कुणी घातलं?"

"मी. टाकी बसवायच्या दिवशी तुम्हीच म्हणाला, तोंड उघडं हाय, धूळ जाईल, फडकं घाल."

"अन् काढलं का न्हाई?"

"काढ म्हणाला न्हाईसा. पुढं पेट्रोल वतताना आडवं यायला लागलं, म्हणून काठीनं आत ढकललं."

चढ लागला की ते फडकं मागं सरकायचं आणि पंपाच्या तोंडावर बसायचं. सगळं कोडं सुटलं. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला आणि तो तसाच ठेवून म्हणाले, "हरिबा, शर्यतीच्या आधी, गाडीच्या आत आपण जे जे घातलंय, ते ते बाहेर काढायचं असतं. सगळं. डोस्क्यात ठेव."

"ठेवलं."

शनिवारी सकाळी बाईंनी गाडी चढावर घातली. काटा तीनवर. वळणावर तीन. खड्या चढावर तीन. काट्यानं जागा सोडली नाही. बाई खाली उतरल्या आणि एरवी वर्गात कधी न हसणाऱ्या बाई खळखळून हसल्या. मिस्त्रींनी लगोलग रंगाऱ्याला बोलावलं. रंगाऱ्यानं 'दस्तगीर'च्या पुढं झोकात 'आणि' लिहिलं. पुढचं अक्षर गाडी वर पोचल्यावर, असं ठरलं. हरिबा त्या 'आणि'कडं बराच वेळ बघत उभा राहिला. त्याचे डोळे पाणावले होते.

दुपारी शर्यतीचे तपासनीस गाडी पास करायला आले. जे दिसेल ते तिथल्या तिथं ओरडून सांगायचं होतं. हरिबा तयारच होता.

"सायेब, ही काच दुसऱ्या गाडीची हाय!"

मिस्त्री खोकले.

"सायेब, डावा दिवा दोरीनं बांधलाय! सायेब, इथं गंजलंय, वरनं रंग मारलाय!"

तपासनीस वाकून गंज बघू लागले.

"सायेब, तुमच्या पँटीची शिलाई उसवलीया! मागनं! पार वरपर्यंत!"

तपासनीस ताठ झाले. एक हात मागं धरून दुसऱ्या हातानं त्यांनी कागदावर सही ठोकली आणि भिंतीला पाठ लावून आले तसे निघून गेले. गाडी पास झाली.

तरीही मिस्त्री संतापलेच. "उद्या सायेब लोकांसमोर तोंड बंद! मी बोल म्हणंपर्यंत एक शबूद काढायचा न्हाई!"

हरिबा काही बोलला नाही. तोंड बंद ठेवायला त्यानं तिथूनच सुरुवात केली होती.

रविवारी अख्खं आडोली घाटाच्या तोंडाशी जमलं. हलगी वाजत होती. पेट्रोल किती आहे ते दाखवणारा काटा गाडीत अजून बसवलेला नव्हता, म्हणून बाईंनी सकाळी स्वतःच्या हातानं मोजून वीस लिटर ओतलं होतं. मग त्या हेल्मेट आणायला गेल्या, मिस्त्री नंबर आणायला गेले. गाडीपाशी हरिबा एकटाच राहिला.

त्याला आठवलं, आत घातलेलं सगळं बाहेर काढायचं. त्यानं जॅक काढला. स्टेपनी काढली. बाईंचा खडूचा डबा काढला, छत्री काढली, पाण्याची बाटली काढली. मिस्त्री परत आले, तो ढीग बघितला आणि खूश झाले. "वा रं पठ्ठ्या! वजन कमी केलंस!" असं म्हणून त्यांनी दारावर नंबर चिकटवला आणि ते तपासनिसांशी बोलायला गेले. शाबासकीनं हरिबाला हुरूप आला. तो विचार करू लागला, अजून आपण आत काय काय घातलंय.

लाल गाडी ढकलत सुरुवातीच्या रेषेवर नेली. बाई आत बसल्या, पट्टा आवळला, किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घुरघुरलं. काटा शून्यावर.

"मिस्त्री, शून्य!" बाई ओरडल्या.

"पाच मिनिटं देतो," तपासनीस म्हणाले. त्यांनी नवी पँट घातली होती. "पाच मिनिटांत सुरू झाली नाही तर गाडी बाद."

मिस्त्रींनी फ्यूज बघितला. चांगला. वायर बघितली. चांगली. पंपाला कान लावला, पंप कोरडाच गुणगुणत होता. त्यांना दरदरून घाम फुटला. दोन वर्षांची मेहनत, आणि वर सगळ्या गावाची नजर. हरिबा शेजारीच उभा होता. ओठ गच्च मिटलेले, गाल फुगलेले. मिस्त्रींनी फिल्टरचा पाइप सोडला. थेंबसुद्धा आला नाही.

ते हळूहळू हरिबाकडं वळले.

"हरिबा. बोल."

"पेट्रोल काढलं," हरिबानं एकदाचा श्वास सोडला. "वीसच्या वीस लिटर. आत आपणच घातलं हुतं. त्या दोन कॅनांत हाय, एक थेंब सांडू दिला न्हाई."

मिस्त्रींनी कॅनांकडं बोट केलं. "अरे टाकी उघड अन् वत! मी पाइप जोडतो! अन् आता गप!"

दोन मिनिटं राहिली होती. मिस्त्री बॉनेटखाली घुसले. बाईंनी डोळे काट्यावर रोखले. हरिबा कॅन घेऊन मागं धावला आणि टाकीच्या झाकणाशी थबकला. पेट्रोल काढताना घाईघाईत त्यानं टाकी तशीच उघडली होती. आधी प्रेशर काढायचं राहून गेलं होतं, आणि ते तेव्हापासून त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. पाटीवर नाव यायचं होतं. आता चूक करून चालणार नव्हतं.

त्यानं पाना काढला आणि मनापासून काम केलं. हलगीच्या आवाजात दुसरा कसलाच आवाज ऐकू आला नाही. बॉनेटखाली मिस्त्रींना गाडी जरा खाली बसल्यासारखी वाटली. वीस लिटरचं वजन पडलं असणार, असं त्यांच्या मनात आलं.

"वतलं का?"

हरिबानं मान डोलावली. त्याला गप म्हटलेलं होतं.

बाईंनी किल्ली फिरवली. इंजिन असं काही गरजलं की हलगीवाला थांबला. काटा सरसर वर चढला आणि तीनवर जाऊन थांबला.

"तीन!" बाई ओरडल्या.

"तीन!" सगळं गाव ओरडलं. मिस्त्रींनी आभाळाकडं बघून हात जोडले. झेंडा पडला. बाईंनी क्लच सोडला. गाडी फदक फदक करत दोन हात पुढं सरकली आणि चारी टायर रिंगमधून निसटून रस्त्यावर पसरले.

काटा तीनवरच होता. हललासुद्धा नाही.

मिस्त्री चाकांकडं बघत राहिले. मग हरिबाकडं. हरिबानं मूठ पुढं केली आणि अभिमानानं उघडली. आत चारी चाकांच्या हवेचे चार वॉल्व्ह होते, एकही हरवू न देता जपून ठेवलेले.

पाटीवर अजून 'दस्तगीर आणि' एवढंच आहे. येणारा-जाणारा विचारतो, आणि कोण? मिस्त्री उत्तर देत नाहीत. हरिबाला सांगायची फार इच्छा असते, पण मिस्त्रींनी त्याला अजून बोल म्हटलेलं नाही.